मुंबईत गेम बनवताय? आधी पगाराचा हिशोब मांडा

सोनीच्या द लास्ट ऑफ अस पार्ट २ या गेमला साधारण २२० मिलियन डॉलर लागले, स्पायडर-मॅन २ तर ३०० च्या आसपास गेला, आणि हे पैसे मुख्यतः पगारात जातात, शेकडो माणसं वर्षानुवर्षं एकाच गेमवर बसलेली असतात. आपल्या चार जणांच्या टीमचं गणितही तेच आहे बघा, खर्च म्हणजे माणसं गुणिले महिने. म्हणून कोड लिहायच्या आधी एक एक्सेल शीट उघडा.

समजा चौघं आहात, प्रत्येकी महिना ५० हजार धरा. मुंबईत भाडं आणि लोकल-रिक्षा धरून हे काही जास्त नाही, आणि घरून काम करतोय म्हणून स्वतःचा पगार शून्य लावू नका प्लीज, सगळा हिशोब तिथेच खोटा ठरतो. महिन्याला २ लाख, दीड वर्षात ३६ लाख.

आता उलटं मोजा. किंमत ४०० रुपये ठेवली तरी सेल आणि रिफंड वगैरे धरून सरासरी २५० पकडा, त्यातले ३० टक्के स्टीम, म्हणजे जिथे गेम विकायचा ते ऑनलाइन दुकान, घेतं, हातात उरले १७५ आणि टॅक्स अजून बाकीच आहे. म्हणजे ३६ लाख वसूल व्हायलाच साडेवीस हजारांच्या वर कॉपी विकायला लागतात! तोच गेम आठ महिन्यांत संपवला तर खर्च १६ लाख, कॉपी नऊ हजारांच्या थोड्या वर. दोन्ही आकडे टीमसमोर ठेवा आणि मग ठरवा मल्टिप्लेअर हवाच आहे का, ओपन वर्ल्ड, म्हणजे कुठेही मोकळं फिरता येईल असं मोठं जग, हवंच आहे का.

कापताना लेव्हल कापा, मजा नाही. एकच लेव्हल पूर्ण पॉलिश करा, ती खेळून अनोळखी माणूस पुढची मागतो का बघा, मित्रांना विचारू नका ते भारीच म्हणणार. नाही मागितली तर तिथेच थांबायची हिंमत ठेवा, कारण कॉन्कॉर्डसारखा मोठा गेम २०२४ मध्ये लाँचनंतर दोनच आठवड्यांत बंद झाला, तेव्हा लोकांना नको असलेली गोष्ट पैसा ओतून खपत नाही.

इंजिन, म्हणजे ज्यात गेम बनवायचा ते सॉफ्टवेअर? गोडो नावाचं फुकट आहे. अनरीलमध्ये गेमची कमाई १० लाख डॉलरच्या पुढे गेल्यावर ५ टक्के द्यायचे, तोपर्यंत काळजी नको. युनिटी वापरत असाल तर लायसन्सच्या अटी नीट वाचा, २०२३ मध्ये त्यांनी इन्स्टॉलमागे फी जाहीर केली होती आणि वर्षभराने मागे घेतली, म्हणजे अटी मध्येच बदलू शकतात.

स्टीमचं पेज गेम तयार व्हायची वाट न बघता उघडा, १०० डॉलर फी आहे, हजार डॉलरची विक्री झाली की ती परत मिळते. विशलिस्ट, म्हणजे पुढे घेऊ म्हणून गेम नोंदवून ठेवणारे लोक, जमायला महिने लागतात. नेक्स्ट फेस्ट, म्हणजे येणाऱ्या गेमचे डेमो खेळायला देणारा स्टीमचा मेळा, त्यात एका गेमला एकदाच जाता येतं, तेव्हा कच्चा डेमो घेऊन घाई करू नका, लाँचच्या थोडं आधीचा फेस्ट पकडा.

आणि लाँचनंतरचे तीन महिन्यांचे पगार आधीच बाजूला काढा. स्टीमचे पैसे पुढच्या महिन्याच्या शेवटी येतात, म्हणजे जूनची विक्री जुलैअखेरीस, आणि बग तर पहिल्याच रात्री यायला लागतात, ते दुरुस्त करणाऱ्या प्रोग्रामरचं भाडं मात्र एक तारखेलाच द्यायचं असतं.