सी आणि जी शिकवायच्या तर आधी बसची पाटी वाचा

गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतलं मूल चौथी झालं, की पुढचे विषय एकदम इंग्रजीत येतात. मग घरोघरी एकच चित्र: मूल पुढेमागे डोलत स्पेलिंग घोकतंय आणि आई ताडून बघतेय. मी साखळी गावात घरी शिकवणी घेते आणि पालकांना कळकळीनं सांगते, की शब्द सुटे पाठ करवून घेऊ नका. ज्या शब्दांत तीच अक्षरं शेजारी येऊन तेच काम करतात, ते एकत्र बांधा. सुरुवात सी आणि जी या दोन अक्षरांपासून करा. त्यांचा अर्धा धडा आपल्या बसच्या पाट्यांवर लिहिलेला आहे.

वहीच्या पानाचे उभे दोन भाग करा. डाव्या भागावर ए, ओ, यू लिहा, उजव्यावर ई, आय, वाय. आता मुलाला गावांची इंग्रजी स्पेलिंगं लिहायला सांगा: काणकोण, कुठ्ठाळी, कुंकळ्ळी, कुडचडे. पाटी रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे ती बहुतेक बरोबर येतात. चारही सीने सुरू होतात आणि सीच्या पुढे ए, ओ नाहीतर यू आहे. चारही डावीकडे गेली. मग केपे लिहायला सांगा: क्यू-यू-ई-पी-ई-एम. उच्चार ‘क’चाच, मग इथं सी का नाही? उत्तर लगेच सांगू नका, मुलाला पानाकडे बघू द्या. पुढे ई आहे, आणि उजव्या भागातल्या ई, आय, वायच्या आधी सी आली की तिचा ‘स’ होतो. ‘क’ राखायचा म्हणून पोर्तुगीजांनी क्यू-यू घातलं. आमच्या साखळीच्या स्पेलिंगमध्येही तेच: एस-ए-एन-क्यू-यू-ई-एल-आय-एम. आपल्याच गावाचं नाव नियमात बसलेलं दिसलं, की मुलं पुढचं शिकायला स्वतःहून तयार होतात.

हा नियम इंग्रजीत आला तो फ्रेंचमधून. लॅटिनमध्ये सीचा उच्चार सगळीकडे ‘क’ होता. पुढे लॅटिनच्या लेकी भाषांत ई आणि आयच्या आधी तो मऊ झाला. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि फ्रेंच वळणाचं लेखन तिथं रुजलं. म्हणून कॅट, कोट, कप डावीकडे आणि सेल, सिटी, सायकल उजवीकडे. किंग हा शब्दही जुन्या इंग्रजीत सीने लिहीत. आयच्या आधी सीचा घोटाळा व्हायला लागल्यावर तिथं के आला. कीप, काइट, किचन हे त्याच रांगेतले. सीच्या पुढे व्यंजन असेल तर बहुधा ‘क’: क्लीन, क्रॉस. सीच्या पुढे एच आला तर तो वेगळा धडा, आज नको.

आता सक्सेस हा शब्द फळ्यावर मोठा लिहा. एस-यू-सी-सी-ई-एस-एस. पहिल्या सीच्या पुढे सी आहे, व्यंजन, म्हणून ‘क’. दुसऱ्या सीच्या पुढे ई आहे, म्हणून ‘स’. ॲक्सेप्ट, ॲक्सेंट, ॲक्सिडेंट तसेच. उलट अकाउंट आणि अक्यूजमध्ये दोन सींच्या पुढे ओ आणि यू, म्हणून ‘क’च ऐकू येतो. सक्सेस असा उलगडला, की त्यातली एक सी पुन्हा कधी गळत नाही.

जीला हेच पान चालतं. मडगावमध्ये जीच्या पुढे ए, उच्चार ‘ग’. सांगे मात्र एस-ए-एन-जी-यू-ई-एम. “टीचर, हांगा यू कित्याक?” (इथं यू कशाला?) असं कुणीतरी विचारतंच, आणि विचारायलाच हवं. तो यू स्वतः बोलत नाही, ईपासून ‘ग’ला राखतो. गेस, गेस्ट, गाइड, गिटार यांतला यू हेच काम करतो. शब्दाच्या शेवटी लीग, व्हेग, फटीग, कलीग. यू नसेल तर उजव्या भागातल्या अक्षरांआधी ‘ज’: जेम, जनरल, जायंट, जिम.

मुलं थोडी रुळली की प्रत्यय घ्या. चेंजला एबल जोडताना ई का राहते? ती काढली तर जीच्या पुढे ए येईल आणि उच्चार ‘ग’ होईल. नोटिसेबलमध्येही ई म्हणूनच टिकते, पण नोटिसिंगमध्ये ती जाते, कारण आय तेच काम करतो. पिकनिकला आयएनजी लावताना मध्ये के येतो, नाहीतर सीचा ‘स’ होईल. पॅनिक, मिमिक, ट्रॅफिक यांनाही तोच के.

वहीच्या मागच्या बाजूला नियम मोडणाऱ्यांसाठी पान ठेवा. गेट, गिव्ह, गर्ल, गिफ्ट यांत यू नाही तरी ‘ग’. पेंग्विन आणि लँग्वेजमध्ये यू बोलतो. सॉकरमध्ये दुसऱ्या सीपुढे ई असूनही ‘क’. क्विक, क्वीन, क्वाएटमध्ये केप्यासारखा ‘क’ नाही, ‘क्व’ आहे. युनिक, अँटिक, चेक (बँकेचा), मॉस्क यांच्या शेवटी मात्र केप्यासारखाच ‘क’. रोजच्या वापरातले हे शब्द पाठच करावे लागतात, पण ते एवढेसे असतात.

श्रुतलेखनाला शब्दांची सरळ यादी देऊ नका. विज्ञानाच्या पुस्तकातला एक परिच्छेद घ्या आणि त्यातल्या प्रत्येक सी, जीला पेन्सिलने गोल करायला सांगा. कार्बन, ॲसिड, सेल, गॅस, ऑक्सिजन, एनर्जी, ऑर्गन, डायजेशन. प्रत्येक गोलाच्या पुढचं अक्षर बघून मूल शब्द आधी कुठल्या भागात जाईल ते सांगेल, मगच लिहील. आईवडिलांना इंग्रजी येत नसलं तरी हे घरी घेता येतं. सीच्या पुढचं अक्षर कोणतं एवढंच त्यांनी बघायचं. शब्द चुकला तर तो दहा वेळा लिहायला लावू नका. तो कुठल्या भागातला ते विचारा, आणि त्याच भागातले आणखी दोन शब्द मुलालाच शोधून आणू द्या.