वंशावळीच्या दोन प्रती झाल्यात? त्या अशा ताडून पाहा

आजोबांच्या वहीवरून वंशावळ कॉम्प्युटरवर चढवली, फाइल चुलतभावाला पाठवली. वर्षभर त्याने त्याच्याकडे भर घातली, आपण आपल्याकडे. आता दोन्ही प्रतींत असं काहीतरी आहे, जे दुसरीत नाही. अशा वेळी भावाची फाइल सरळ आपल्या फाइलीत इम्पोर्ट करावीशी वाटते. ते करू नका. मी केलं होतं. घरातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या दोन-दोन नोंदी झाल्या आणि त्या निस्तरण्यात अख्खा पावसाळा गेला.

खालची रीत ग्रॅम्प्स या वंशावळीच्या मोफत प्रोग्रॅमला धरून सांगतो, कारण मी तोच वापरतो.

आधी जुनी प्रत शोधा

भावाला ज्या दिवशी फाइल पाठवलीत, त्या दिवसाची प्रत हवी. पाठवलेल्या इमेलमध्ये ती बहुधा सापडते. तिच्यावाचून तुलना अर्धवट राहते. समजा, पणजीची जन्मतारीख तुमच्या प्रतीत आहे आणि भावाच्या प्रतीत नाही. ती तुम्ही नंतर घातलीत, की चुकीची आहे म्हणून त्याने काढून टाकली? दोनच प्रती समोर असतील तर हे कळायला मार्ग नाही. जुन्या प्रतीत तारीख असेल, तर ती त्याने काढली आहे. त्याला फोन करून कारण विचारा. म्हणून तुलना नेहमी तीन प्रतींची करावी.

तिन्ही प्रती एका साच्यात आणा

ग्रॅम्प्समध्ये तीन नवी, रिकामी झाडं (म्हणजे वंशावळी) तयार करा आणि प्रत्येकात एकेक प्रत इम्पोर्ट करा. मग तिन्ही जेडकॉम (GEDCOM) स्वरूपात, अगदी सारख्याच सेटिंग्जवर एक्स्पोर्ट करा. जेडकॉम ही साधी मजकुराची फाइल असते. ओळीच्या सुरुवातीला पातळीचा आकडा असतो आणि शून्य दिसलं की नवी नोंद सुरू झाली असं समजायचं. या फाइली फक्त ताडून पाहण्यासाठी वापरा. या स्वरूपात जाताना काही तपशील गळतात, त्यामुळे मूळ झाड त्यांवरून पुन्हा उभं करू नका.

फाइलींतले फरक दाखवायला विंडोजवर विनमर्ज, लिनक्सवर मेल्ड हे प्रोग्रॅम आहेत. दोन्ही मोफत आहेत आणि दोन्हींत तीन फाइली शेजारी उघडता येतात. जुनी प्रत मधे ठेवा. वरच्या ओळींतली एक्स्पोर्टची वेळ आणि प्रत्येक नोंदीखालची शेवटच्या बदलाची तारीख यांत फरक दिसणारच, तो सोडून द्या.

व्यक्तींच्या क्रमांकांवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जुन्या माणसांचे क्रमांक जुळतात. पण फाइल पाठवल्यानंतर दोघांच्याही कॉम्प्युटरने पुढचा मोकळा क्रमांक दिलेला असतो. त्यामुळे १४५ क्रमांकावर तुमच्याकडे आत्याचा नातू असेल, तर भावाकडे कोणाची तरी सासू.

मराठी नोंदींतले फसवे फरक

‘कऱ्हाडे’मधला ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना सारखाच दिसतो, कॉम्प्युटरला वेगळा. तिन्ही फाइलींत शोधा-बदला करून तो एकसारखा करून घ्या. वडिलांचं नाव दोघांनी वेगवेगळ्या रकान्यात लिहिलेलं असतं, तेही आधी ठरवून टाका.

शकावरून इसवी सन काढण्याचं गणित हमखास चुकतं. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. माघ शके १८५० म्हणजे १९२९. सरसकट ७८ मिळवणाऱ्याच्या प्रतीत १९२८ येईल आणि दोघेही आपलंच बरोबर म्हणतील. तारीख १ जून दिसली तर थांबा. शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेली ती तारीख असू शकते.

लग्नात नाव बदललेल्या बायकांकडे मी सगळ्यात जास्त वेळ देतो. माहेरची गोदावरी सासरी सरस्वती झाली आणि दोन प्रतींत दोन बायका म्हणून बसली, असं फार होतं. नवऱ्याचं नाव, मुलांची नावं आणि गाव जुळत असेल तर ती एकच असण्याची दाट शक्यता आहे. तिची दोन्ही नावं ठेवा, एकही पुसू नका. दत्तकाचंही तसंच. एका प्रतीत मुलगा जनक पित्याखाली, दुसरीत दत्तक पित्याखाली. दोन्ही बरोबर आहेत. ग्रॅम्प्समध्ये मूल दोन कुटुंबांशी जोडता येतं आणि नात्याचा प्रकारही लिहिता येतो.

निर्णय वहीत, मग फाइलीत

उरलेल्या खऱ्या फरकांचा तक्ता करा: व्यक्ती, जुनी नोंद, माझी, भावाची, आधार, निर्णय. आधाराचा रकाना रिकामा असेल तर निर्णय घेऊ नका. जन्म-मृत्यूचा दाखला, जमिनीच्या फेरफारातली वारसनोंद, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडची नामावळी, नाहीतर ‘अमुक काकूंनी सांगितलं’ एवढंही चालेल, पण लिहून ठेवा. जिथे दोन्ही बाजूंना आधार आहे तिथे दोन्ही तारखा ठेवा.

मग तुमच्या झाडाची बॅकअप प्रत काढा आणि तक्त्याप्रमाणे एकेक बदल हाताने करा. दुहेरी नोंदी सापडल्या तर दोन्ही निवडून एडिट मेनूतलं मर्ज वापरा. काम झालं की फाइलीच्या नावात तारीख घालून ती भावाला पाठवा. त्याने जुन्या प्रतीवर काम थांबवलं आहे याची फोनवर खात्री करा आणि पाठवलेली हीच प्रत पेनड्राइव्हवर वेगळी ठेवा. पुढच्या खेपेला मधे ठेवायची प्रत ही असेल.