कंडक्टिव्ह इंकच्या कामात नवीन आहात? फक्त रेझिस्टन्स बघून थांबू नका

माझं शिक्षण केमिस्ट्रीचं, त्यामुळे सिल्व्हर नॅनोपार्टिकलची, म्हणजे चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची, वीज वाहणारी इंक बनवायला लागले तेव्हा सगळं लक्ष रेझिस्टन्सवर. लाइन प्रिंट करायची, ओव्हनमध्ये १५० डिग्रीला सिंटर करायची (म्हणजे तापवून कण एकमेकांना जोडायचे), रेझिस्टन्स मोजायला फोर पॉइंट प्रोब लावायचा आणि आकडा खाली आला की खूश. मग त्याच इंकने मायक्रोस्ट्रिप लाइन (खाली ग्राउंडचा थर असलेली, हाय फ्रिक्वेन्सी सिग्नल नेणारी पट्टी) प्रिंट करून नेटवर्क अ‍ॅनालायझरला, म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला सिग्नल किती पोचतो ते मोजणाऱ्या यंत्राला, जोडली तर १० गिगाहर्ट्झला सिग्नलचा लॉस इतका की वाटलं कनेक्टरच गेलाय. कनेक्टर बदलला, परत कॅलिब्रेशन केलं, ग्राफ जसाच्या तसा.

फ्रिक्वेन्सी वाढली की करंट पूर्ण जाडीतून जात नाही, पृष्ठभागालगतच्या पातळ थरातूनच जातो, त्या थराची जाडी म्हणजे स्किन डेप्थ. शुद्ध चांदीत ती १ गिगाहर्ट्झला साधारण २ मायक्रॉन आणि १० गिगाहर्ट्झला ०.६४ मायक्रॉन, प्रिंटेड चांदीत रेझिस्टिव्हिटी जास्त म्हणून थोडी जास्तच धरा. त्यात मायक्रोस्ट्रिपमध्ये बराचसा करंट ग्राउंडकडच्या, म्हणजे खालच्या बाजूने आणि कडांनी जातो. आणि मी तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली नुसती वरची बाजू बघत होते! तिथे कण छान जुळलेले दिसायचे. सॅम्पल कापून क्रॉस सेक्शन बघितला तेव्हा सबस्ट्रेटलगत, म्हणजे ज्यावर प्रिंट केलं त्या शीटलगत, पोकळ्याच पोकळ्या, कारण वरचा थर आधी सुकून बंद झाला आणि खालचं सॉल्व्हंट नि कणांवरचं पीव्हीपी (कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून असलेलं पॉलिमरचं आवरण) आतच अडकलं. डीसी करंटला वरचा रस्ता मोकळा होता म्हणून प्रोबवर काही कळलंच नाही.

कडांचंही तसंच, थेंब सुकताना कण कडेला जमून कॉफी रिंग होते. पाण्याच्या इंकमध्ये थोडं इथिलीन ग्लायकॉल घातलं की बरीच कमी होते, पण जास्त झालं तर सुकायला फार वेळ लागतो, तेव्हा जपून. पीईटी प्लास्टिकवर प्रिंट करणार असाल तर १५० डिग्री विसरा, शीट वाकते; तेवढं तापवायचंच असेल तर जास्त उष्णता सोसणारं पॉलिइमाइड प्लास्टिक घ्या. तांबं स्वस्त पडतं म्हणून बरेच जण तिकडे वळतात, पण ते हवेत ऑक्सिडाइझ होतं, सुरुवात चांदीनेच करा असं माझं स्पष्ट मत आहे. आणि माझ्यासारखे केमिस्ट्रीतून येत असाल तर ट्रान्समिशन लाइनचा कोर्स पहिल्या सेमिस्टरलाच करा, मी उशिरा केला आणि त्यात बरेच महिने गेले.

नंतर मी पातळ थर देऊन प्रत्येक थर ६० डिग्रीला सुकवायला लागले आणि तापमान हळूहळू चढवलं. प्रोबवरचा आकडा जवळपास तोच राहिला, १० गिगाहर्ट्झचा लॉस मात्र स्पष्ट खाली आला.