उमेदवाराच्या निवडणूक खर्चाचा हिशेब मतदाराने कसा तपासावा

विधानसभेच्या उमेदवाराने प्रचारावर किती खर्च दाखवला, हे पाहण्याचा अधिकार कोणत्याही नागरिकाला आहे. मराठवाड्यातील 46 मतदारसंघांत निवडणूक लढवणाऱ्या प्रत्येकाला, मग तो निवडून आलेला असो वा अनामत गमावलेला, निकालानंतर 30 दिवसांच्या आत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, हिशेब सादर करावा लागतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 77 व 78 मध्ये ही तरतूद आहे.

तपासणीची तयारी मात्र निकालाची वाट न पाहता सुरू करावी, कारण उमेदवारी अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा सर्व खर्च हिशेबात धरला जातो. सभेचा मंडप केवढा होता, खुर्च्या अंदाजे किती होत्या, ताफ्यात कोणत्या क्रमांकाच्या गाड्या होत्या, क्रेनला कोणता हार लटकवला आणि जेसीबीतून किती फुले उधळली, हे तारीख व गावाच्या नावासह लिहून ठेवावे आणि शक्य तेथे छायाचित्र घ्यावे. मंडप, ध्वनिक्षेपक, वाहने, जेवण यांची दरसूची जिल्हा निवडणूक अधिकारी जाहीर करतात. ती आधीच मिळवावी. 'मंडप मित्राने फुकट दिला' असे म्हटल्याने खर्च नाहीसा होत नाही, तो प्रचलित दराने मोजला जातो. रोख रक्कम किंवा दारू वाटली जात असेल, तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रार ॲपवर जागेवरूनच चित्रीकरण करून तक्रार नोंदवावी; फोनमध्ये आधी साठवलेले छायाचित्र तेथे चालत नाही.

हिशेब दाखल झाल्यावर निवडणूक संचालन नियम, 1961 च्या नियम 88 नुसार एक रुपया शुल्क भरून तो पाहता येतो आणि ठरलेले शुल्क भरून साक्षांकित प्रतही मिळते. उमेदवाराच्या खर्चाच्या नोंदवहीचे तीन भाग असतात: दैनंदिन खर्चाची पांढरी पाने, रोखीची गुलाबी आणि बँकेची पिवळी. प्रथम 10,000 रुपयांपेक्षा मोठी रक्कम एकाच व्यक्तीला रोखीने दिली आहे का, ते पाहावे, कारण तशी परवानगी नाही. त्यानंतर आपल्या टिपणातील प्रत्येक सभा पांढऱ्या पानांवर शोधावी. स्टार प्रचारकाचा प्रवासखर्च उमेदवाराच्या माथी येत नाही, परंतु उमेदवार त्याच मंचावर असेल, तर सभेच्या खर्चातील वाटा त्याच्या हिशेबात दिसला पाहिजे. विधानसभेसाठी मर्यादा 40 लाख रुपयांची आहे. राजकीय पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला मात्र कोणतीही मर्यादा नाही आणि माझ्या मते या कायद्यातील सर्वांत मोठी पळवाट हीच आहे.

मर्यादेपेक्षा अधिक खर्च हे लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम 123(6) खाली भ्रष्ट आचरण ठरते आणि त्याविरुद्ध मतदारालाही उच्च न्यायालयात, आपल्याकडे औरंगाबाद खंडपीठात, निवडणूक याचिका करता येते. ती निकालापासून 45 दिवसांत दाखल व्हावी लागते. उमेदवाराने हिशेब शेवटच्या दिवशी दिला, तर आपल्या हाती जेमतेम पंधरा दिवस उरतात, म्हणूनच आधीचे टिपण उपयोगी पडते.

दुसरा मार्ग निवडणूक आयोगाकडे तक्रार करण्याचा आहे आणि तो नांदेड जिल्ह्यातील भोकरच्या प्रकरणामुळे अधिक स्पष्ट झाला. वृत्तपत्रांतील प्रचारकी मजकुराचा खर्च अशोक चव्हाण यांनी 2009 च्या हिशेबात दाखवला नाही, अशी तक्रार प्रतिस्पर्धी उमेदवार माधवराव किन्हाळकर यांनी केली होती. हिशेब केवळ वेळेत आला की नाही एवढेच नव्हे, तर तो खरा आहे का, हेही आयोग कलम 10-अ खाली तपासू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2014 रोजी दिला. चव्हाण यांच्याविरुद्धचा आयोगाचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्ये रद्द केला, पण आयोगाचा तो अधिकार कायम राहिला. या कलमाखाली तीन वर्षांची अपात्रता होऊ शकते.

याच टिपणात शासकीय कर्मचाऱ्यांकडेही लक्ष ठेवावे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 नुसार राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला प्रचारात भाग घेता येत नाही, आणि शासकीय सेवकाने उमेदवाराचा निवडणूक, मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून काम केल्यास लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम 134-अ खाली तीन महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. अशी तक्रार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी, त्याची प्रत संबंधित विभागप्रमुखाला पाठवावी आणि दोन्ही ठिकाणची पोच घ्यावी.