दुबईला निघालेल्या सोलापूरकरांनो, आधी दिवस मोजा

आपल्याकडून आखातात येणारी पोरं व्हिसा बघतात, मेडिकल बघतात, बॅगेत शेंगाचटणी किती किलो बसेल तेही बघतात. इन्कम टॅक्सचं विचारलं की मात्र, "आपण आता एनआरआय बे, कसला टॅक्स?" असं ठोकून देतात. पण व्हिसा मिळाला म्हणून कोणी करासाठी अनिवासी होत नाही. तिथे दिवस मोजतात.

वर्ष धरायचं १ एप्रिल ते ३१ मार्च. नोकरीसाठी देश सोडताय, तर त्या वर्षातला भारतातला मुक्काम १८२ दिवसांच्या आत हवा. एप्रिलपासून सोलापुरातच असाल, तर २८ सप्टेंबरपर्यंत विमानात बसलात की जमलं. दसरा करून ऑक्टोबरात निघालात, तर त्या वर्षापुरते तुम्ही निवासीच, आणि दुबईचा मार्चपर्यंतचा पगारही भारतातल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. इथे दुबईत पगारावर कर नाही, त्यामुळे भारतातल्या करातून वजा करायलाही काही हातात नसतं. जॉइनिंगची तारीख थोडी पुढेमागे होत असेल, तर एचआरला विचारायला लाजू नका.

नंतर गड्ड्याच्या यात्रेला आठवडाभर आलात, मे महिन्यात लग्नं उरकलीत, तर काही बिघडत नाही. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर १८२ ऐवजी १२० दिवसांचा नियमही बघावा लागतो. पण नव्यानं येणाऱ्या बहुतेकांचं तिकडे असतं काय? एक बचत खातं, थोडी एफडी आणि फार तर जुळे सोलापुरातला फ्लॅट. घोळ होतो तो याच तीन गोष्टींत.

बचत खातं तसंच चालू ठेवायचं नाही, बँकेत जाऊन ते एनआरओ, म्हणजे अनिवासीचं भारतातल्या कमाईचं खातं, करून घ्यायचं. दुबईचा पगार पाठवायला वेगळं एनआरई खातं उघडायचं. एनआरईच्या व्याजावर भारतात कर नाही. एनआरओच्या व्याजातून बँक पहिल्या रुपयापासून ३१.२ टक्के कापते. एनआरओला आईचं किंवा वडिलांचं नाव लावायचं असेल, तर फॉर्मवर 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' लिहा, म्हणजे खातं तुम्ही चालवायचं, तुमच्या माघारी त्यांनी. काउंटरवरचा माणूस सवयीनं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'वर (दोघांपैकी कोणीही) खूण करतो, तिथे लक्ष ठेवा.

फ्लॅटचं भाडं आठ हजार असो की अठरा, भाडेकरूनं त्यातून टीडीएस, म्हणजे तुमचा कर आधीच कापून भरायचा असतो. बहुतेक भाडेकरूंना हे ठाऊकच नसतं, म्हणून करारातच लिहून घ्या. आणि 'बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही' हे जे घरोघरी ऐकू येतं, ते अनिवासींना लागू नाही. ती सूट निवासींची. आपल्याला नव्या करपद्धतीत फक्त पहिले चार लाख माफ. उत्पन्न त्याच्या आत असेल, तर कापलेले पैसे रिटर्न भरून परत मिळतात. रिटर्नचा आयटीआर-१ फॉर्म मात्र अनिवासींना चालत नाही. भाडं आणि व्याज एवढंच असेल तर आयटीआर-२ भरायचा.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा आयकर कायदा आला आणि कलमांचे नंबर बदलले, म्हणून मी इथे नंबर देत बसत नाही.

बार्शीकडची वडिलोपार्जित शेती खुशाल ठेवा, पण अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. फ्लॅट विकायचा झाला, तर घेणाऱ्यानं निवासी विक्रेत्यासारखा एक टक्का टीडीएस कापून भागत नाही. आयकर खात्याचं कमी दरानं कपातीचं प्रमाणपत्र नसेल, तर नफा किती का असेना, कापाकापी अख्ख्या किमतीवर होते आणि पैसे परताव्यापर्यंत अडकून पडतात. त्या प्रमाणपत्राचा अर्ज इसार घेण्याआधीच करून ठेवा.