भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) टिपताना आधी वारा बघा

उजनी धरणाच्या फुगवट्यात कुंभारगाव किंवा डिकसळहून होडीने निघालात की लेन्सचा विचार थोडा मागे ठेवा. आधी वारा कुठून येतोय ते बघा. रोहित, चित्रबलाक, चमचे हे मोठे पक्षी वाऱ्याच्या तोंडाला उडतात आणि उतरतातही तसेच. म्हणून वारा आणि सकाळचा सूर्य दोन्ही तुमच्या पाठीशी असतील अशी जागा नावाड्याला सांगा. पक्षी उठला तर तुमच्या दिशेने येईल, नाहीतर कार्डभर शेपट्याच मिळतील. दोन्ही जुळत नसेल तर प्रकाशाला मान द्या.

होडीत उभे राहू नका. बसून, जमेल तितका कॅमेरा पाण्याजवळ आणा. पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून मागचं पाणी छान विरघळतं. इंजिन चालू असताना लेन्स काठावर टेकवली की थरथर फोटोत उतरते. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवा. गडद पाण्यावर पांढरे पंख जळतात, म्हणजे पांढरेफटक होऊन त्यातले बारकावे जातात, तिथे एक्स्पोजर थोडं उणे करा.

आणि नावाड्याला निघतानाच सांगा, "दादा, थवा उडवायचा नाही." काहीजण हौसेने उडवून दाखवतात. चिखल गाळणाऱ्या चोची थांबून माना ताठ वर झाल्या, थवा एका बाजूला सरकू लागला, की तिथेच थांबा. इंजिन बंद करून बसलात तर बरेचदा तोच थवा चरत चरत जवळ येतो.