न्यू जर्सीत पहिलं घर घेतलंय? लॉनला भोकं पाडण्याआधी हे वाचा

क्लोजिंग झालं, वास्तुशांत झाली, आणि ऑगस्ट सरता सरता दाराच्या मुठीला पत्रकं लटकायला लागली: ‘एरेशन आणि ओव्हरसीडिंग, आजच बुक करा.’ एरेशन म्हणजे लॉनच्या मातीत भोकं पाडणं, ओव्हरसीडिंग म्हणजे असलेल्या गवतातच नवं बी टाकणं. शेजारी करतोय, समोरचा करतोय, मग आपणही करून टाकू, असं वाटतं. पैसे देण्याआधी एक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि अंगणात जा.

पाऊस पडून एक-दोन दिवस झाले असतील तेव्हा तो हाताने जमिनीत खुपसा. मुठीपर्यंत सहज गेला तर तुमच्या लॉनला यंदा एरेशनची गरज नाही. दोन इंचांवर अडला आणि अंगाचा भार टाकावा लागला, तर माती दडपलेली आहे. एकाच ठिकाणी तपासून थांबू नका. मुलं रोज क्रिकेट खेळतात ती पट्टी, मेलबॉक्सकडे जाण्याची पायवाट, ड्राइव्हवेच्या कडेला पाहुण्यांच्या गाड्या चढतात तो भाग, आणि कुंपणापाशी कोणी फिरकत नाही तो कोपरा, असं सगळीकडे बघा. बऱ्याचदा निम्मं लॉन ठणठणीत असतं आणि फक्त पिचवरची माती विटेसारखी झालेली असते. तेवढ्याच भागाचं काम करायला काहीच हरकत नाही.

आपले बरेच लोक राहतात त्या हिल्सबरो, ब्रिजवॉटर, पिस्कॅटवे पट्ट्यात खाली लाल शेलचा, म्हणजे थराथराचा गाळाचा खडक आणि त्याची तांबडी, चिकट माती आहे. त्यात नवं डेव्हलपमेंट असेल तर बांधकामाच्या वेळी वरची सुपीक माती खरवडली जाते, जड यंत्रं महिनोन्‌महिने फिरतात, आणि शेवटी मातीचा पातळ थर पसरून त्यावर सॉड, म्हणजे तयार गवताच्या पट्ट्या अंथरतात. पहिल्या वर्षी गवत हिरवंगार दिसतं, दुसऱ्या जुलैत ठिगळं पडतात. अशा घरांना एरेशनचा खरा फायदा होतो. याउलट ओशन काउंटीकडे घर असेल तर तिथली बरीचशी जमीन रेताड आहे. पाणी आपसूक झिरपतं, हवा खेळती असते. तिथे दरवर्षी भोकं पाडून घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

यंत्र काय करतं ते समजून घ्या. त्याला पोकळ नळ्या असतात. त्या दोन-तीन इंच खोल जाऊन मातीच्या बोटभर कांड्या उपसतात आणि वर टाकतात. त्या भोकांतून हवा, पाणी, खत मुळांपर्यंत पोचतं, आणि भोवतीच्या मातीला सैल व्हायला जागा मिळते. मातीवर मेलेल्या देठा-मुळांचा जो थर साठतो, त्याला इथे थॅच म्हणतात. तो अर्ध्या इंचाहून जाड असेल तर तोही हळूहळू कुजायला मदत होते. खिळ्यांचे बूट आणि खिळ्यांचे रोलर मात्र घेऊ नका. ते माती काढत नाहीत, बाजूला रेटतात, आणि भोकाच्या कडा आणखी घट्ट होतात. बाटलीतून फवारायचं ‘लिक्विड एरेशन’ही मिळतं. तेही मातीचा कणभर भाग बाहेर काढत नाही.

वेळ साधणं सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडचं गवत थंड हवेचं: केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू, पेरेनियल राय. त्याची मुळं वसंत आणि शरदाच्या गारव्यात जोमाने वाढतात आणि भर उन्हाळ्यात ते झोपी जातं. म्हणून ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा काळ धरा, साधारण गणपतीच्या सुमाराचा. ऑक्टोबरपर्यंत लांबवलं तर ओक-मेपलची पानं कोवळ्या रोपांवर पडून त्यांना गुदमरवतात. वसंतातही करतात लोक, पण त्या वेळी क्रॅबग्रास हे तण उगवायच्या तयारीत असतं आणि उघड्या मातीत त्याचं फावतं. शिवाय क्रॅबग्रास रोखणारं औषध टाकलं तर बहुधा तुमचं पेरलेलं बीही उगवत नाही. जमीन वाफशावर हवी: ओलीकिच्च असेल तर नळ्या चिखलाने बुजतात, कोरडीठाक असेल तर इंचभरही आत जात नाहीत.

आता तोटे, जे पत्रकात कोणी छापत नाही. पंधरवडाभर अंगणात मातीच्या कांड्या विखुरलेल्या दिसतात आणि मुलांच्या बुटांबरोबर घरात येतात. त्या उचलून फेकू नका, पावसाने आणि मोअरने फुटून जिरतात. वर्षाच्या आतलं नवं लॉन असेल तर थांबा, मुळं उखडतील. भाड्याचं यंत्र अडीचशे-तीनशे पौंडांचं असतं. ते उतारावर ओढतं, गाडीत चढवायला दोन माणसं लागतात. दोन-तीन घरांनी मिळून एका दिवसासाठी आणलं तर परवडतं. आणि मुख्य धोका जमिनीखाली. स्प्रिंकलरच्या प्रत्येक तोंडाशी झेंडी लावा, कुत्र्याच्या अदृश्य कुंपणाची तार कुठून गेलीय ते आधीच्या मालकाला विचारा. 811 ला फोन केला तर गॅस, वीज, केबलच्या लाइनींवर फुकट खुणा करून देतात, पण तुमची खासगी स्प्रिंकलर लाइन त्यात येत नाही. कंत्राटदार करणार असेल तरी झेंड्या तुम्हीच लावा. पाइप फुटल्यावर ‘खूण नव्हती’ हे उत्तर मिळतं.

एरेशन करून तसंच सोडू नका. आडवं-उभं दोनदा फिरवून दोन-तीन इंचांवर एक भोक पडलं की त्याच दिवशी बी टाका. राय आठवड्याभरात दिसतं, फेस्क्यूला एक-दोन आठवडे, ब्लूग्रासला दोन ते चार. तोवर सकाळ-संध्याकाळ हलकं पाणी, नंतर कमी वेळा पण खोलवर. मिश्रण स्वस्तातलं घेऊ नका. गवताच्या जाती विकसित करण्यात आपलं रटगर्स विद्यापीठ नावाजलेलं आहे. ‘मॅनहॅटन’ हे राय तिथल्या रीड फंक यांनी सेंट्रल पार्कमधल्या रोपांपासून तयार केलं आणि 1967 साली बाजारात आलं.

खताआधी रटगर्सच्या प्रयोगशाळेत माती तपासून घ्या. आपल्या भागात बऱ्याचदा चुना कमी निघतो, आणि ते कळल्याशिवाय खताची पोती ओतण्यात अर्थ नाही. 2011 च्या राज्य कायद्याने घरमालकांना 15 नोव्हेंबर ते 1 मार्च लॉनवर खत टाकायला मनाई आहे. फॉस्फरसचं खतही नव्याने बी पेरताना, किंवा माती तपासणीत कमतरता निघाली तरच चालतं.